परिसरवार्ता आणि दादाची तब्येत

विद्यापीठात तिचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं. शिपायापासून कुलसचिवांपर्यंत सगळे तिला बातमीताई म्हणत. मुख्य इमारतीच्या जिन्याखाली, जिथे उठताना डोकं सांभाळावं लागे अशा एका खोलीत बसून ती दर आठवड्याला ‘परिसरवार्ता’ नावाचं चार पानी पत्रक काढायची. कोण निवृत्त झालं, कुठल्या विभागाने चषक मारला, ग्रंथालय कधी बंद राहणार, कुणाची छत्री सापडली. छापलेले गठ्ठे विभागाविभागांत जात आणि तिथून बरेचसे कॅन्टीनच्या फळ्यांवर अंथरले जात. “ताई, तुमचा पेपर झकास आहे हो, तेल लगेच शोषतो,” असं कॅन्टीनवाला तिच्या तोंडावर सांगायचा. ती हसायची. मनाला लागत नसे असं नाही, पण रोज उठून लावून तरी किती घेणार?

तिची टिंगल करायचा पहिला मान मात्र कॅन्टीनवाल्याचा नव्हता, तिच्या दादाचा होता. दादा बस डेपोत मेकॅनिक होता, आता निवृत्त. आईवडील एकामागोमाग गेले तेव्हा ही शाळेत होती. दादाने हाताला ग्रीस लावून तिला शिकवलं, फी भरली, स्वतःचं लग्न लांबवलं. पुढे वहिनी आली, तीही काही वर्षांनी गेली. मूलबाळ नव्हतंच. दादा लांब दुसऱ्या गावी एकटाच राहायचा, रविवारी फोन करायचा आणि हॅलोच्या ऐवजी म्हणायचा, “काय ठमे, ह्या आठवड्यात कुणाची छत्री?”

मग साथ आली आणि सगळं झटक्यात थांबलं. वर्गांना कुलपं लागली, कॅन्टीनच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या झाल्या. जवळपासची मुलं घरी गेली. लांबची मुलं, रस्तेच बंद झाल्यामुळे, वसतिगृहांत अडकली. बातमीताई परिसरातल्याच कर्मचारी वसाहतीत एकटी राहायची. कार्यालयात रोज येऊ शकणारी जी मूठभर माणसं उरली, त्यांत ती आली.

कुलसचिवांनी तिला बोलावलं. हे साहेब मोठे शिस्तीचे. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असत. म्हणाले, “उद्यापासून परिसरवार्ता रोज काढायची, आरोग्यावर. किती आजारी, किती बरे, काय काळजी घ्यायची. आकडे आरोग्य केंद्रातून मिळतील. सगळ्यांना ईमेलने पाठवा.”

पहिली वार्ता तिने सरकारी छापाचीच लिहिली. ‘आजमितीस बाधितांच्या संपर्कातील व्यक्तींना विलगीकरणात हलविण्याची कार्यवाही सुरू आहे.’ पाठवून चहा गाळते न गाळते तोच मुलींच्या वसतिगृहातून फोन.

“ताई, हलवण्याची कार्यवाही म्हणजे काय? आम्हाला पकडून नेणार का?”

“अगं नाही गं! आजाऱ्याच्या जवळ ज्या होत्या त्यांना थोडे दिवस वेगळी खोली द्यायची, एवढंच.”

“कुठे?”

“पाहुण्यांची इमारत आहे ना, तिथे. चांगल्या खोल्या आहेत. गरम पाणी येतं.”

“मग असंच लिहायचं की! इथे दोघी रडतायत.”

दुसऱ्या दिवशी तिने तसंच लिहिलं. बोलते तसं. कुणाला कुठे ठेवलंय, तिथे काय काय आहे, जेवण दाराशी कोण ठेवतं, घरी फोन करायचा तर मोबाइलला नेटवर्क कुठल्या खिडकीत मिळतं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलंच. कागद समोर धरून म्हणाले, “हे काय? कार्यालयाचं पत्रक आहे की माहेरी लिहिलेलं पत्र?”

“साहेब, परवाचं वाचून मुलं घाबरली. फोनवर फोन. काल एकही आला नाही.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आकडे चुकता कामा नयेत,” ते म्हणाले. “बाकी तुमचं तुम्ही बघा.”

आकडे द्यायची आरोग्य केंद्राची डॉक्टरीणबाई. ही बाई शब्द असे वापरायची जणू रेशनवर मिळतात. दुपारी फोन करायची: “लिहून घ्या. पुन्हा सांगणार नाही.” आकडे सांगायची आणि ठेवून द्यायची. पण एकदा ठेवता ठेवता थांबली. “आणि हे लिहा. वाफ घेताना तोंड भाजून घेऊ नका. आज दोन गाढवं आली.”

“गाढवं लिहू?”

“लिहा.”

बातमीताईने लिहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांची उत्तरं आली. त्यातलं एक तर होतं, “मी त्या दोनांपैकी एक. आता बरा आहे. डॉक्टरांना नमस्कार.”

हळूहळू आकड्यांच्या खाली तिने इतर गोष्टीही घालायला सुरुवात केली. मुख्य फाटकापाशी राहणाऱ्या कुत्रीला पिल्लं झाली, ती बातमी. टेनिसच्या मैदानावर गवत गुडघ्याएवढं वाढलं, ती बातमी. पाण्याच्या टाकीत काहीतरी पडलंय अशी आवई उठली, तेव्हा लोक बाटल्या साठवायला लागले. ती टाकीवाल्याला घेऊन लोखंडी शिडीने वर चढली, झाकण उघडून आत वाकून पाहिलं, आणि लिहिलं: ‘टाकी मी स्वतः पाहिली. पाणी स्वच्छ आहे. शिडी मात्र हलते, तिच्यावर कुणी चढू नये.’ ऐकीव काही लिहायचं नाही, हा तिचा जुनाच नेम होता. पण पूर्वी तो छत्र्यांपुरता होता.

सगळंच हलकंफुलकं होतं असं कसं म्हणू? परिसरातले नळवाले काका त्या साथीत गेले. कुठल्याही वसतिगृहात नळ गळला की ते गाणं गुणगुणत यायचे आणि गाणं संपायच्या आत नळ बंद करायचे. नाव छापायची तर मनाई होती. तिने काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, “छापा. लोकांना कळू दे कोण होते ते.” ती वार्ता लिहायला तिला सगळी दुपार लागली. संध्याकाळी वसतिगृहांच्या कठड्यांवर मुलं येऊन उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. काही वेळ उभी राहिली आणि आत गेली. खिडकीतून ते पाहताना बातमीताईला कळलं, की आपलं पत्रक आता तेल शोषत नाही, लोक ते वाचतात. त्या दुःखाच्या दिवशी हे सुख वाटल्याचं तिचं तिलाच कानकोंडं झालं.

आणि मग एका सकाळी दादाच्या शेजारच्या शिंप्याचा फोन आला. “ताई, घाबरू नका. दादांना आत्ताच गाडी येऊन घेऊन गेली. दोन दिवस ताप होता, मला सांगितलंच नाही हो त्यांनी. आज श्वास लागायला लागला.”

दवाखान्याचं नाव तिने लिहून घेतलं आणि फोन लावत बसली. तो सतत गुंतलेला. रस्ते बंद. जायचा परवाना मिळवून गेली असती तरी आत कुणी सोडलं नसतं. दादाचा मोबाइल घरीच राहिला होता, शिंप्याने तो चार्जिंगला लावून ठेवला होता. तिला वाटलं, कुणाला तरी सांगावं. पण इथे प्रत्येकाच्याच घरी काही ना काही चाललेलं. ती गप्प बसली. दुपारी डॉक्टरीणबाईचा फोन आला, आकडे घेतले, वार्ता लिहिली, पाठवली.

तासाभरात उत्तरं यायला लागली. “ताई, आज कालचेच आकडे आलेत.” “ताई, चुकून जुनं गेलं का?” तिने पाहिलं, खरंच होतं. समोर नवे आकडे लिहिलेले आणि हाताने जुने टंकलेले. तिने लगेच दुरुस्ती पाठवली आणि खाली एक ओळ घातली: ‘चूक माझी. माझे थोरले भाऊ दुसऱ्या गावी दवाखान्यात आहेत, त्यांची काही खबर मिळत नाही, म्हणून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. माफ करा.’ गावाचं आणि दवाखान्याचं नावही लिहून गेली. का लिहिलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

लगेच साहेबांचा फोन. ती बोलणी खायच्या तयारीने उभी राहिली.

“साहेब, आकडे...”

“आकडे दुरुस्त झाले. तुम्ही जेवलात का?”

तिने खरं ते सांगितलं: जेवली नव्हती. साहेबांच्या घरून डबा आला. सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. नुसता डबा, झाकणाला फडकं घट्ट बांधलेलं.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज आला. ‘नमस्कार ताई. मी याच दवाखान्यात नर्स आहे. तुमच्याच विद्यापीठातून शिकले, खूप वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, मीही तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. पण तुमचं पत्रक मला ईमेलने अजून येतं, त्याखालीच तुमचा नंबर मिळाला. हल्ली आम्ही सगळ्या विश्रांतीच्या खोलीत मोठ्याने वाचतो, पिल्लांचं तर आधी. तुमचे दादा आमच्याच वॉर्डात, खिडकीजवळ आहेत. ऑक्सिजन लावलाय. दोन घास खाल्ले. मला म्हणाले, पोरी, तुमच्या ह्या यंत्राचा पट्टा सैल झालाय, आवाजावरून कळतं. उद्या पुन्हा कळवते.’

बातमीताईने तो मेसेज इतक्यांदा वाचला की अक्षरं पुसट व्हायची तर झालीच असती. मग तिला आठवलं: जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते ईमेलच्या यादीतून काढून टाका, असं साहेबांनी तिला कितीतरी वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तिने ते आज करू, उद्या करू म्हणत ढकललं होतं. जन्मात तिने एवढा फळलेला आळस दुसरा केला नव्हता.

त्या दिवसापासून तिची दुपारची वार्ता परिसराकडे जायची आणि संध्याकाळची वार्ता तिच्याकडे यायची. नर्स मोजकंच लिहायची, पण पाहिलेलं लिहायची. ‘काल रात्री झोप लागली. ताप कमी. शेजारच्या आजोबांना डेपोतले किस्से सांगत होते, डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून दटावलं.’ ‘आज जेवण नको म्हणाले. मी म्हटलं ताईंना कळवीन. मग खाल्लं.’ बातमीताई वाचून हसायची आणि हसता हसता पदराला डोळे पुसायची.

एके दिवशी मेसेज आला नाही. ती उशाशी फोन घेऊन पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी, ती वार्ता लिहून संपवत असतानाच, फोन वाजला. नर्सचा आवाज तिने पहिल्यांदा ऐकला. तिला वाटलं होतं त्याहून तरुण होता आणि फार थकलेला.

“ताई, लिहून सांगण्यासारखं नव्हतं म्हणून फोन केला. दादांना काल अतिदक्षता विभागात नेलंय. मशीनवर ठेवलंय, झोपेचं औषध दिलंय. माझी ड्यूटी मी तिकडे बदलून घेतली.”

“जगेल का गं तो?”

“माहीत नाही, ताई. उगाच हो म्हणत नाही. पण मी आहे इथे.” मग म्हणाली, “फोन त्यांच्या कानाशी धरू का? ऐकू जातं की नाही कुणी सांगू शकत नाही. पण बोला तुम्ही.”

बातमीताई खुर्चीतच ताठ झाली. पलीकडून मशीनचा एकसारखा आवाज येत होता. माझ्यासाठी एवढं केलंस, हे म्हणावं? ते तर निरोप घेतल्यासारखं वाटलं असतं. बरा हो म्हणावं? ते काय त्याच्या हातात होतं? शेवटी समोरचा कागद तिने ओढला आणि ती वाचायला लागली.

“दादा, मी ठमी. आजची परिसरवार्ता. आज आजारी कालच्यापेक्षा कमी. मुलांच्या वसतिगृहातले सगळे पाहुण्यांच्या इमारतीतून परत आपापल्या खोलीत गेले. ग्रंथालयातली पुस्तकं आता दाराशी मागवता येतील. फाटकापाशीच्या पिल्लांपैकी काळं पिल्लू नालीत पडलं होतं, वॉचमनने काढलं, ठणठणीत आहे. आणि दादा, एक छत्री सापडलीय, भौतिकशास्त्राच्या जिन्यात. मुठीला पिवळा धागा बांधलाय.” तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “कुणाची असेल तर घेऊन जा म्हणावं.”

“झालं का ताई?” थोड्या वेळाने नर्सने हळूच विचारलं.

“झालं. उद्या पुन्हा धरशील?”

“धरीन.”

तिने रोज धरला. इकडे बातमीताईची रया गेली. डॉक्टरीणबाईने एकदा फोनवर नुसता तिचा आवाज ऐकला आणि आकडे सांगायच्या आधी म्हणाली, “आज तुम्ही सुट्टी. हे औषध समजा. पुन्हा सांगणार नाही.” म्हणून एक दिवस कुलसचिव साहेबांनी स्वतः वार्ता लिहिली. ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, मुख्य प्रवेशद्वारानजीकच्या श्वानपिल्लांची प्रकृती समाधानकारक असून त्यांचा विकास अपेक्षेनुसार सुरू आहे.’ वसतिगृहांत ती वार्ता इतकी गाजली की मुलांनी दारांवर चिकटवली. ‘साहेब, छान लिहिलंत,’ एकाने उत्तर पाठवलं, ‘पण ताईंना लवकर पाठवा.’ आणि खाली दुसऱ्याने, तिसऱ्याने, आणखी कितीतरी जणांनी एवढंच लिहिलं: ताईंच्या दादांना बरं वाटू दे. ती उत्तरं साहेबांनी छापून काढली आणि तिच्या दारात ठेवली. बेल वाजवून लांब जाऊन उभे राहिले. तिने दार उघडलं तर हात हलवला आणि घाईघाईने निघून गेले. जणू चोरी करताना सापडले.

दादा जागा झाला. एकदम नाही; आज डोळे उघडले, उद्या बोट हलवलं, असा इंचाइंचाने परत आला. नळी निघाल्यावर नर्सने फोन दिला. आधी बराच वेळ नुसती घरघर ऐकू आली. मग घोगरा आवाज.

“ठमे.”

“बोल रे दादा.”

“काय बाई आहेस. माणूस मरायला टेकला, तरी बातम्या.”

ती रडतेय की हसतेय ते पलीकडे नर्सलाही कळलं नाही.

रस्ते खुले झाल्यावर ती पहिल्या बसने गेली. दादा तोवर घरी आला होता. कपड्यांत माणूस शोधावा लागत होता, दोन पावलं चालला की भिंत धरायचा. पण शेजारच्या शिंप्याला शिलाई मशीनला तेल कसं घालावं ते खुर्चीवरून शिकवत होता, आणि शिंपी मुकाट ऐकून घेत होता. ती गेल्यावर दादा तिच्याकडे बघत राहिला. तीही बघत राहिली. मग दोघंही एकदमच म्हणाली, “किती वाळलास,” “किती वाळलीस,” आणि तिथेच ते संपलं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. नर्सला कळवलं होतं. काय बोलायचं ते तिने बसमध्ये मनात चारदा जुळवलं होतं, चारदा मोडलं होतं. मागच्या अंगणात एक सिमेंटचं बाकडं होतं. थोड्या वेळाने एक बारीक चणीची मुलगी दारातून आली, मास्कचे वळ गालांवर उमटलेले, हातात डबा. “ताई?” ती म्हणाली, “बसा ना. मला थोडा वेळ मिळालाय. कसे आहेत दादा?”

“मशीनला तेल घालतायत.”

ती हसली. डबा मांडीवर ठेवला, झाकण उघडलं, “मी जरा...” म्हणून डोकं मागे भिंतीला टेकलं, आणि घास हातात घ्यायच्या आधीच झोपली. तोंड किंचित उघडं, लहान मुलासारखी.

बातमीताईने जुळवलेलं सगळं तसंच राहिलं. तिने डब्याचं झाकण हलकेच लावलं. डबा मांडीवरून घसरेल म्हणून एका हाताने धरून ठेवला. नर्सच्या तोंडावर ऊन यायला लागलं तशी ती सरकून ऊन अडेल अशी बसली. एक वॉर्डबॉय दाणदाण पावलं वाजवत येत होता, त्याला तिने ओठांवर बोट ठेवून असं दटावलं की तो चवड्यांवर चालत गेला. तिचा हात अवघडला, मुंग्या आल्या, पण तिने तो हलवला नाही. एवढ्या महिन्यांत ह्या मुलीसाठी करता येण्यासारखं काहीतरी पहिल्यांदाच तिच्या हाती लागलं होतं.

आतून कुणीतरी हाक मारली. नर्स दचकून उठली. “अगंबाई! ताई, मी झोपले? आपलं बोलायचं राहिलंच की!”

“राहू दे. आधी दोन घास खा. नाहीतर ताईंना कळवीन.”

नर्सने उभ्याउभ्याच दोन घास खाल्ले, बातमीताईचा दंड घट्ट धरला आणि पळाली.

घरी आल्यावर दादाने विचारलं, “मानलेस का आभार त्या पोरीचे?”

“नाही रे. झोपली होती ती.”

“मग तू काय केलंस?”

“बसले शेजारी.”

दादाने मान हलवली. “बरं केलंस,” म्हणाला, आणि उठायला म्हणून तिच्याकडे हात पुढे केला.